ताजं म्हातारं

मी शाळेतून निवृत्त झाले आणि महिन्याभरात आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात घातलं. तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई घरी नुसती बसून आहे, हे गावाला बघवत नाही. "बाई, तुम्ही आता मोकळ्याच आहात," हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं, की निवृत्तीच्या आदेशातच ते खाली बारीक अक्षरांत छापलेलं असावं असं मला वाटायला लागलं.

अध्यक्ष आंब्याचे मोठे बागायतदार. बोलायला गोड, आणि ऐकून घेण्याची सवय अजिबात नाही. त्यांची एक कल्पना चांगली होती. वाचनालयाशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला त्यांच्याकडून आठवणी लिहून घ्यायच्या आणि छापायच्या. दुसरी कल्पना मात्र वाईट होती. त्यांच्या मुंबईच्या भाच्याने आपल्या ऑफिसातून बाद झालेला एक कॉम्प्युटर वाचनालयाला भेट दिला होता आणि त्यात मराठी शुद्धलेखन तपासायची सोय घालून दिली होती.

"आता मुद्रितं तपासायची कटकट संपली," अध्यक्ष म्हणाले. "कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, ते मशीनच सांगणार. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"आणि मशीन चुकलं तर?"

"मशीन कसं चुकेल, बाई?" ते माझ्याकडे दयेने बघून हसले.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कार्यकारिणीच्या सभेत त्यांनी रीतसर ठराव करून घेतला, की ज्या लेखाच्या तपासणीत मशीन 'चुका : शून्य' असं दाखवील तोच लेख छापखान्यात जाईल. शिवाय मुखपृष्ठावर 'संपूर्ण संगणकीय शुद्धलेखन-तपासणी केलेली स्मरणिका' असं लाल अक्षरांत छापायचं. चिटणीसांनी ठराव लिहून घेतला. त्यात त्यांनी 'शुद्धलेखन' हा शब्द 'शुध्दलेखन' असा लिहिला. मी ते बघितलं आणि गप्प बसले. पहिल्याच सभेत कशाला, म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मांडवीहून रोज चालत वाचनालयात जायला लागले. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, फुटक्या कपाटांच्या मधे ठेवला होता. लेख टाइप करायला मला अडचण नव्हती, शाळेत मी शिकून घेतलं होतं. अडचण पुढे होती. 'शुद्धलेखन तपासा' वर टिचकी मारली की पडद्याच्या मधोमध एक निळं कडं गरगर फिरायला लागायचं. ते फिरत असताना दुसरं काही करता यायचं नाही. एक अक्षर पुसायचं म्हटलं तरी नाही. मशीन चुकायचं, पण चुकायलासुद्धा त्याला वेळ लागायचा.

पहिल्या दिवशी मी अदबीने कड्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन बसले. आठवडा संपेपर्यंत एका पानाची तपासणी म्हणजे एका कपाटाची झाडलोट, असा हिशेब बसला. एवढ्या वर्षांत जी कपाटं कोणी पुसली नव्हती ती त्या सॉफ्टवेअरच्या कृपेने आरशासारखी झाली. वाचनालयाच्या शिपाईबाई मला म्हणाल्या, "बाई, हे मशीन आधी यायला हवं होतं."

एके दुपारी आमचे हे माझा डबा घेऊन आले तर पडदा पांढुरका पडला होता आणि वर पाटी झळकत होती, 'प्रोग्राम प्रतिसाद देत नाही.' हे चष्मा वर करून बघत राहिले.

"हे काय?"

"तुम्हाला ओळखीचं वाटत नाही?" मी म्हटलं. "मी घरात हेच वाक्य लग्न झाल्यापासून बोलते आहे."

त्यांनी चष्मा खाली केला. डबा ठेवून पेपर वाचायला गेले.

एवढा वेळ घेऊन मशीनने निदान बरोबर सांगावं ना! त्याला 'घर' ठाऊक होतं, 'घरासमोरच्यांनासुद्धा' म्हटलं की लाल रेघ. 'आंबा' चालायचा, 'आंब्यांखालून' चालायचा नाही. जणू आंबा फक्त कर्ता म्हणून जन्माला आला आहे, त्याच्या खालून कोणी जाऊ नये. त्याचा शब्दकोश कुठल्या तरी अशा शहरात बसून तयार झाला असावा, जिथे समुद्र नाही, कातळ नाही आणि मासा डब्यातून येतो. 'सुरमई' दिसली की ते 'सुरमयी' सुचवायचं. म्हणजे तळलेली सुरमयी! 'बांगडा' म्हटलं की 'बांगडी'. 'मोरी' मात्र निमूट पास व्हायची. मोरी हा मासा आहे हे त्याला माहीत नव्हतं, त्याने भांडी घासायची जागा समजून तिला सोडून दिलं होतं.

प्रत्येक शब्दासाठी वेगळी चौकट यायची. 'बदला', 'दुर्लक्ष करा', 'सर्व बदला'. मी दुर्लक्ष करत राहिले. मास्तरकीत ती सवय लागलेली असते. पण दुर्लक्ष केलेला शब्दही शेवटी चुकांमध्येच मोजला जायचा. मग मी काय करायचे, तर शब्द मोडून, वाक्य फिरवून, त्याच्या गळी उतरेल असं करायचे. वकीलसाहेबांच्या लेखातल्या 'घरासमोरच्यांनासुद्धा'चं 'घर समोर असलेल्या लोकांना' करून टाकलं. वकीलसाहेबांना कळलं नाही. अशा रीतीने सोळा लेख मी शून्यावर आणले आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं. हे कबूल केलं पाहिजे.

सतरावा लेख मावशींचा होता.

मावशी म्हणजे मिरकरवाड्याहून आमच्या भागात मासे विकायला येणाऱ्या बाई. पासष्टीच्या असतील. वाचनालयाच्या गल्लीत त्यांची रोजची फेरी. वाचनालयाची रद्दी त्या वर्षानुवर्षं मासे बांधायला नेत होत्या, आणि त्या रद्दीवर त्या वाचायला शिकल्या होत्या. हे मला योगायोगाने कळलं. एकदा मला बांगडे बांधून देताना त्यांनी कागद उलटा केला, बोट ठेवून बातमीचा मथळा वाचला आणि मग त्यात मासे गुंडाळले. मी विचारलं, तेव्हा हसल्या.

"गिराइकांनी शिकवलं वो. मी म्हनायचे, एक अक्षर सांगा, मग मासा घ्या."

आधीच्या ग्रंथपालांनी त्यांना पहिलं अक्षर शिकवलं होतं. ते 'म' होतं, कारण मावशींनी म्हावरं लिहून दाखवा म्हणून हट्ट धरला होता. म्हावरं म्हणजे मासळी. बंदरावर तोच शब्द चालतो. तर ग्रंथपालांनी वाचनालयाच्या पायरीवर खडूने लिहून दिलं आणि त्याखाली मावशींनी पाटी बाजूला ठेवून स्वतः गिरवलं. पाटी म्हणजे डोक्यावरची माशांची टोपली.

वाचनालयाच्या स्मरणिकेत ही आठवण नाही तर दुसरी कुठली छापायची? मी दोन सकाळी त्यांच्या पडवीत बसून त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. त्यात त्या एक वाक्य सहज बोलून गेल्या. "शाळंतली पाटी हातात आली नाय, म्हावऱ्याची पाटी मात्र डोक्यावर आली." मी लिहिताना थांबले. तीस वर्षं मी मुलांना श्लेष अलंकार शिकवत होते, इतकं चांगलं उदाहरण मला एकदाही सापडलं नव्हतं.

टाइप करून मी तपासणी लावली. कडं फिरायला लागलं. मी एक कपाट पुसलं. दुसरं पुसलं. तिसरं कपाट पुसून झालं तेव्हा पान लाल रेघांनी भरलं होतं आणि खाली आकडा होता, सत्त्याण्णव.

अध्यक्ष नेमके त्या वेळी डोकावले. पडदा बघून त्यांना धक्काच बसला.

"हे काय, बाई? एवढ्या चुका?"

"चुका नाहीत. त्यांची भाषा आहे."

"तेच ते. आपली स्मरणिका पुण्यामुंबईला जाणार. लोक काय म्हणतील? शुद्ध करून घ्या, नाहीतर राहू दे तो लेख." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर वाचनालयाशी त्यांचा संबंध काय? रद्दीचाच ना?"

मी तिथेच भांडायला हवं होतं. भांडले नाही. मला स्वतःलाच ती लाल पानं बघवत नव्हती. वह्यांवर लाल शाई चालवण्यात माझा जन्म गेलेला, लाल रेघ दिसली की हात आपोआप दुरुस्तीला धावतो. तीन दिवस बसून मी मावशींचा लेख धुऊन काढला. 'नाय'चं 'नाही' केलं, 'म्हनायचे'चं 'म्हणायचे'. 'म्हावरं' काढून 'मासळी' घातली, 'पाटी' काढून 'टोपली'. कड्याने शेवटची फेरी मारली आणि शून्य दाखवलं. मी मनाशी म्हटलं, चला, लेख तरी वाचला.

छापण्याआधी त्यांना दाखवावं म्हणून मी कागद घेऊन मिरकरवाड्याला गेले. मावशी पडवीत जाळ्याच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. मी वाचून दाखवते म्हटलं तर म्हणाल्या, "कशाला? मला येतं की." त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवून, एकेक शब्द ओठांत म्हणत, सावकाश वाचायला लागल्या. मला घाई नव्हती. आत सून चहा करत होती. चहा आला, निवला, तरी बोट अजून दुसऱ्या पानावर होतं.

शेवटी त्यांनी कागदाची घडी घातली.

"चांगलं लिवलंय, बाई. कोनाचं हाय?"

"मावशी, तुमचंच आहे. तुम्ही सांगितलंत तेच."

"माजं?" त्यांनी घडी पुन्हा उघडली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "मग हे काय? 'माझ्या हाताने लिहिलेला पहिला शब्द मासळी.' मी मासळी कदी लिवलं? मी म्हावरं लिवलं. मासळी लिवायला मला आजून येत नाय. तो ळ माज्याच्यानं गोल होत नाय."

त्या रागावल्या नव्हत्या. मी खोटं लिहिलं होतं आणि त्या ते नुसतं दाखवत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आनि शाळंच्या पाटीचं?" त्यांनी विचारलं.

मी तेही वाक्य काढलं होतं. टोपली केल्यावर त्यात काही उरलंच नव्हतं.

"ऱ्हावदे," त्या म्हणाल्या. "नाय छापलं तरी चालंल. पन हे नको."

परत येताना मी रिक्षा केली नाही. मला आठवत राहिलं, शाळेत बंदरावरची पोरं निबंधात 'पाटी', 'म्हावरं', 'व्हडी' लिहायची आणि मी 'व्हडी' खोडून वर 'होडी' लिहायचे. एकदा एका मुलीने विचारलंही होतं, "बाई, पण आमची व्हडीच आहे." मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मूळ लेख मी जसाच्या तसा परत चढवला. सत्त्याण्णव रेघा परत उगवल्या. 'दुर्लक्ष करा', 'दुर्लक्ष करा' करत दोन दिवस घालवले. मग रागाच्या भरात बाकीच्या सोळा लेखांतलेही मी मोडलेले शब्द सांधून टाकले. सगळे मिळून एक फाइल केली, चिटणीसांना सांगितलं की ती अशीच छापखान्यात जाऊ दे, ठरावाचं मी बघून घेते, आणि बहिणीकडे चिपळूणला चार दिवस गेले.

तेवढ्यात अध्यक्षांनी फाइल उघडली. शून्य नाही हे त्यांनी बघितलं. एकेक शब्द बदलायला बसले, पण एका शब्दामागे कडं इतका वेळ फिरत राहिलं, की अर्ध्या तासात त्यांचा संयम सुटला. चौकटीत तिसरं बटण होतं, 'सर्व बदला'. त्यांनी ते दाबलं आणि बागेत निघून गेले. मशीन दुपारभर दळत होतं म्हणे. संध्याकाळी येऊन बघतात तो चुका शून्य. त्यांनी स्वतःच्या हाताने फाइल छापखान्याला पाठवली.

मी परत आले त्या दिवशी कार्यकारिणीची सभा होती आणि टेबलावर छापून आलेली मुद्रितं होती. अध्यक्ष खुशीत होते.

"बाई, तुमचे पंधरा दिवस, माझी एक टिचकी," ते म्हणाले. "ऐका, माझाच लेख वाचून दाखवतो."

त्यांनी चष्मा लावला आणि भाषणाच्या आवाजात सुरुवात केली.

"'माझे आजोबा आंब्याच्या हंगामात चार महिने मांजरात राहत.'"

त्यांना काही वाटलं नाही. ते पुढे गेले. "'मांजराला कुडाच्या भिंती होत्या. पावसाळ्यापूर्वी मांजराचं छप्पर शाकारून घ्यावं लागे. आम्ही मुलं दुपारी मांजरात शिरून...'"

इथे ते थांबले. बागेतली राखणीची झोपडी, तिला आमच्याकडे मांगर म्हणतात. मशीनने मांगर कधी पाहिला नव्हता.

कोणी हसेना. मग वकीलसाहेबांनी आपलं पान ओढून घेतलं. खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला आम्ही खाजण म्हणतो. त्यांनी लिहिलं होतं, लहानपणी खाजणात खेकडे पकडायचो. छापलं होतं, 'लहानपणी आम्ही खाजगीत खेकडे पकडायचो.' वकीलसाहेब नुसतेच खाकरले. चिटणीसांना राहवलं नाही, ते टेबलावर डोकं ठेवून गदगदा हसायला लागले.

मी मावशींचा लेख काढला आणि मोठ्याने वाचला. मला वाचायचाच होता.

"'बंदरावर ताजं म्हातारं उतरलं की आमची धावपळ. म्हातारं डोळ्यांवरून ओळखायचं. दुपारनंतर म्हातारं नरम पडतं, मग त्याला बर्फात ठेवायचं. दोन दिवस झाले की म्हाताऱ्याला वास येतो, ते कोणी फुकट दिलं तरी घेत नाही.'"

आमच्या कार्यकारिणीतले सर्वांत तरुण सभासद एकसष्ट वर्षांचे होते.

"व्हायरस असणार," अध्यक्ष शेवटी म्हणाले.

"व्हायरस नाही," मी म्हटलं. "टिचकी."

मग मात्र मी ऐकलं नाही. सगळी मुद्रितं घरी नेली आणि तीन दिवस पेन्सिल घेऊन बसले. ह्यांना समोर बसवून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनी तक्रार न करता वाचलं, उलट मी मुद्रितातलं 'मांजर' खोडायला घेतलं की ते मुद्दाम थांबून चहा मागायचे. मावशींचं मुद्रित मात्र मावशींनाच दाखवायचं ठरवलं. त्या फेरीवर आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावलं. इतक्या वर्षांत त्या पायरीच्या आत आल्या नव्हत्या, आणि या म्हणून कोणी म्हटलंही नव्हतं. त्यांनी पाटी बाहेर ठेवली, पदराने हात पुसले आणि वाचन-टेबलाशी बसल्या. पलीकडे पेपर वाचणारे एक गृहस्थ उठून दूरच्या खुर्चीवर गेले. मावशींनी मान वर केली नाही. 'म्हातारं' पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या अशा हसल्या, की त्या गृहस्थांनी पेपर खाली केला.

"हे कोनी केलं वो?"

"अध्यक्षांनी."

"त्यांना सांगा, ऱ्हावदे तसंच," त्या म्हणाल्या. "खरंच हाय." पण पेन्सिल घेऊन त्यांनी प्रत्येक 'म्हातारं' स्वतः खोडलं आणि वर लिहिलं, म्हावरं. वेळ लागला. छापखान्यातल्या बाईने नंतर मला फोन करून विचारलं की हे अक्षर कोणाचं, फार ठसठशीत आहे.

स्मरणिका निघाली. मुखपृष्ठ आधीच छापून झालेलं असल्यामुळे संगणकीय तपासणीची लाल ओळ तशीच राहिली. प्रकाशनाला मावशींना व्यासपीठावर बसवावं असं मी सुचवलं. कार्यकारिणीने चर्चा करून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्षांनी भाषणात नव्या तंत्रज्ञानाचे फायदे सांगितले. मावशींचा लेख गावात सगळ्यांत जास्त वाचला गेला, आणि काही दिवस बाजारात लोक त्यांच्याकडे ताजं म्हातारं मागायचे. सभेतली गोष्ट चिटणीसांनी बाहेर फोडली होती.

साधारण आठवड्याने माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता स्वतः शाळेत शिकवते.

"बाई, तुमचं संपादकीय वाचलं. शेवटची ओळ फार आवडली."

"कुठली गं?"

"'अध्यक्षांचे मी मनापासून भार मानते.'"

मी पान उघडून बघितलं. माझ्याच बोटांखालून एक 'आ' निसटला होता. 'भार' हा शुद्ध शब्द असल्यामुळे मशीनला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्याच्या नादात मी स्वतःचं पान वाचलंच नव्हतं.

"मुद्दाम लिहिलंत ना, बाई?" ती विचारत होती.

तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, चूक झाली तर कबूल करावी. मी घसा साफ केला आणि तिला म्हटलं, "तुला कळलं, हेच पुष्कळ झालं."